नाव तेवढं छापलं नाही

आमच्याकडे एका पक्षाच्या बाजूचा पेपर येतो, शेजारच्या कुसुमवहिनींकडे दुसऱ्या पक्षाचा. दुपारी कुंपणावरून आम्ही अदलाबदल करतो. आज दोन्हींत आमच्याच गल्लीतल्या पोरीवर झालेल्या अत्याचाराची बातमी. एकात आरोपी कुणाचा कार्यकर्ता ते, दुसऱ्यात तक्रार कुणी करायला लावली ते. पोरीचं नाव मात्र दोघांनीही छापलं नाही. गल्ली, कॉलेज आणि बापाची पिठाची गिरणी तेवढी छापली.

"मग झाकलं काय हो यांनी?" वहिनी म्हणाल्या.

घरातलं पीठ संपलंय. गिरणीवर गेले की मी आधी "लेक कशी आहे?" विचारते, मगच डबा ठेवते. आज डबा भरून कधीची दारात उभी आहे. विचारलं तर त्या बापाला टोचेल, आणि नाही विचारलं तर मीही पेपर वाचला हे त्याला कळेल.