विमानातला मान

लग्न ठरवताना मी जेवढा विचार केला नव्हता, त्याच्या चौपट विचार विमान कंपनी निवडताना केला. नवऱ्याने तेव्हा टोमणा मारलाच होता की एवढी निष्ठा माझ्या वाट्याला आली असती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो. मी त्याच्यावर डाफरले होते, कारण मला तो विषय खरंच गंभीर वाटत होता. आता आठवलं की कानशिलं तापतात.

कुडाळजवळच्या एका कारखान्यात काजू फोडायची आणि निवडायची यंत्रं बनतात. ती विकणं हे माझं काम. जिथे काजू तिथे मी, मग ते केरळ असो, आंध्र असो की ओडिशा. महिन्यातले निम्मे दिवस गोव्याहून विमान धरायचं, आणि उरलेले निम्मे बॅग रिकामी करून पुन्हा भरायची. इतकं उडणाऱ्या माणसाला विमान कंपन्या सोडत नाहीत. आमच्याच विमानाने जा, पॉइंट्स साठवा, पुरेसे झाले की चांदीचं कार्ड, मग सोन्याचं. एका कंपनीचं सोनेरी कार्ड माझ्याकडे होतं. गेल्या वर्षी दुसरीचं बोलावणं आलं की तिकडचं कार्ड दाखवा, आम्ही इकडे त्याच तोलाचं देतो, वर ते परदेशी विमानांतही चालेल. फक्त महिनाअखेरीच्या आत काय ते कळवा.

मी इरेला पेटले. पहिल्या कंपनीच्या सीटवर गुडघे पुढच्याच्या पाठीत रुततात आणि पाण्याशिवाय काही फुकट मिळत नाही, पण तिची विमानं गोव्याहून चहूकडे जातात. दुसरीकडे गरम जेवण, ऐसपैस सीट, विमानतळावर बसायला गाद्यांची खोली; पण कुठेही जायचं तर आधी मुंबईला उतरा. मी रोज संध्याकाळी पडवीत लॅपटॉप घेऊन बसायची आणि ह्या दोघींची तुलना करायची. सासूबाई म्हणाल्या, स्थळं बघितल्यासारखी काय बघतंस?

खरं सांगायचं तर मला ना पॉइंट्सचं पडलं होतं ना जेवणाचं. मला हवी होती ती वेगळी रांग. काउंटरवरच्या मुलीने हसून माझं नाव घेणं, बॅगेला लावलेली ती खास चिठ्ठी, विमानात पुढे बसल्यावर कुणीतरी वाकून, "पुन्हा आलात, आनंद वाटला," म्हणणं. घरी मला नावाने कोणी हाक मारत नाही. सून, वयनी, गो. आणि गिऱ्हाईकांकडे गेलं की ते माझ्या मागे बघतात, साहेब कुठे आहेत म्हणून. तेव्हा विमानातलं ते आदबीचं बोलणं मला गोड लागायचं. फार गोड लागायचं.

त्याच सुमारास मी सासऱ्यांना हैदराबादला नणंदेकडे घेऊन गेले. त्यांचा तो पहिला विमानप्रवास. आमच्या घरी सासऱ्यांना मामंजी म्हणतात, आणि मामंजी गावच्या देवळाचे मानकरी. जत्रेत पालखी उठते तेव्हा पुढच्या दांडीला पहिला खांदा आमच्या घरचा. ह्या खांद्यावरून भावकीत इतकी भांडणं झाली आहेत की काही घरांत अजून एकमेकांकडचं पाणी पीत नाहीत.

मान म्हणजे नुसता मिरवण्याचा मोठेपणा नव्हे, हे मला सासरी आल्यावर कळलं. ज्याला मान, त्याच्यावर काम. वाडीत कुणाचं काही अडलं की ते माणूस नारळ घेऊन मामंजींकडे येतं. मग मामंजी देवासमोर उभे राहून त्याचं गाऱ्हाणं घालतात. बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचं असं असं अडलं आहे, ते मार्गी लाव. जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." देवाशी बोलायचा ज्याचा हक्क, त्याने दुसऱ्यासाठी शब्द टाकायचा. नारळ घेतला म्हणजे काम अंगावर घेतलं.

तर अशा माणसाने विमानतळावर काय बघितलं? सगळी दुनिया रांगेत उभी, आणि सून सरळ पुढे. सुनेचं नाव घेऊन नमस्कार. बॅगा आल्या त्याही आधी सुनेच्या. परत आल्यावर अंगणातल्या खळ्यात चार माणसं जमली तेव्हा मामंजींनी ते सगळं रंगवून सांगितलं.

"आमच्या सुनेक थंय मान आसा," ते म्हणाले.

"मगे मानकरीणच म्हणा की," कुणीतरी थट्टेत म्हणालं.

"म्हणाक कित्याक व्हया? आसाच."

मी आत चहा गाळत होते. बाहेर येऊन, अहो मामंजी, तिकिटं जास्त काढली की कुणालाही देतात, एवढं सांगायला काय जात होतं? मी चहा घेऊन बाहेर आले आणि खाली बघून हसले. लाजल्यासारखं करून. ते लाजणं खोटं होतं. मला छान वाटत होतं.

आमच्या घराला लागून नवऱ्याच्या चुलत काकीचं घर. काका बोटीवर, वर्षाकाठी एकदा येणार. घरात काकी आणि त्यांची मुलगी. मुलीने बारावीनंतर विमानतळावरच्या नोकरीचा कोर्स केला होता, काउंटरवर बसायचा. काकींनी त्यासाठी काकांशी फोनवर भांडण केलं होतं हे अख्ख्या वाडीने ऐकलं होतं. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी पडवीत दोन्ही कंपन्या ताडून बघत असताना काकी आल्या. मागे मुलगी.

"बाय, तुका एक सांगूचा होता," काकी म्हणाल्या. "चेडवाक गोव्याक मुलाखतीक बोलवल्यानी हा. तुझ्याच कंपनीन."

तुझ्याच कंपनीने. मी म्हटलं, "अरे वा!"

"तू थंय शब्द टाक." असं म्हणून त्यांनी पदराखालून नारळ काढला आणि माझ्या लॅपटॉपच्या बाजूला ठेवला. शेंडी माझ्याकडे करून. शेंडी देवाकडे करतात, मानकऱ्याकडे करतात. ती आपल्याकडे झालेली मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "आणि आयकलंय ता खरा? तू ती कंपनी सोडतंस म्हणान? इतक्यात सोडू नको गो. चेडवाचा होवंदे, मगे तुका खंय जावचा थंय जा."

आता इथे काय सांगायला हवं होतं हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. काकी, त्या कंपनीत मला कुत्रं ओळखत नाही. माझं नाव संगणकावर दिसतं म्हणून ती मुलगी घेते. माझ्यामागे उभ्या असलेल्याचंही ती तसंच हसून घेते. मी तिथली कुणी नाही, गिऱ्हाईक आहे. हा नारळ परत न्या.

मी म्हटलं, "बरा. नाय सोडूचंय."

आणि ह्यात आणखी एक लबाडी होती. दुसऱ्या कंपनीचं मी आदल्याच दिवशी मनातून काढून टाकलं होतं. प्रत्येक वेळी मुंबईला उतरायचं म्हणजे ओडिशाचं गिऱ्हाईक दुपारी जेवून झोपल्यावर मी पोचणार. जे मला सोडायचंच नव्हतं, ते मी त्यांच्या मुलीसाठी धरून ठेवते आहे असा आव आणला. काकींचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला, आणि मी तो धरू दिला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या नारळाचं दूध काढून सोलकढी केली. मी दोन वाट्या प्यायले.

मग मात्र मनाला टोचायला लागलं. काहीतरी करायला हवं म्हणून मी कंपनीला ईमेल लिहिला. कुणाला लिहिणार? माझ्याजवळ पत्ता एकच, कार्डधारकांच्या तक्रारींचा. आमच्या ओळखीची मुलगी येते आहे, गुणी आहे, जरा बघावं, असं लिहिलं. उत्तर लगेच आलं. आपण आमच्या सन्माननीय सदस्य आहात, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपल्या खात्यात काही पॉइंट्स जमा केले आहेत. गैरसोय कसली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सांगायला जीभ अडखळते, पण मी खातं उघडून ते पॉइंट्स खरंच जमा झालेत का ते बघितलं.

मुलाखतीच्या आधी मुलगी माझ्याकडे सरावाला येत असे. मी तिला ताठ बसायला शिकवलं, हातवारे कमी करायला सांगितलं, इंग्रजी वाक्यं घोटून घेतली. ह्या एका कामाबद्दल मला स्वतःविषयी थोडं बरं वाटतं, पण तेही टिकत नाही, कारण शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "वयनी, कोण वळखीचा आसा काय म्हणान इचारल्यानी, तर तुझा नाव सांगू?"

तिच्या चेहऱ्यावर शंका होती. मला ती स्पष्ट दिसली. कोर्समध्ये तिला ही सोनेरी-चंदेरी कार्डं म्हणजे काय ते शिकवलं असणारच. ती मला सुटायची वाट करून देत होती असं आता वाटतं. मी वाट घेतली नाही. ज्या बाईच्या घरात तिच्या सासऱ्याने वाडीसमोर तिला मानकरीण म्हटलं आहे, ती बाई एका पोरीसमोर, अगो, ते काही खरं नाही, असं कशी म्हणणार?

"सांग की," मी म्हटलं. वर कार्डाचा नंबरही दिला.

मुलाखतीच्या दिवशी मी कोल्लमला होते. गिऱ्हाईकासमोर यंत्र चालू करून दाखवताना सारखा फोन बघत होते, आणि करत मात्र नव्हते. परतीच्या विमानात माझं नाव घेऊन स्वागत झालं तेव्हा मी झोपल्याचं सोंग केलं.

घरी आल्यावर बॅग टेकवली आणि तशीच काकींकडे गेले. मुलगी मागल्या पायरीवर बसून माडाच्या झापाचे हीर काढत होती, केरसुणीसाठी. मला बघून, "वयनी इली," एवढं आत ओरडली आणि पुन्हा सुरी चालवायला लागली. काकी पदराला हात पुसत आल्या. माझ्याकडे बघेनात.

"बाय, तुका तोंड दाखवूक लाज वाटता माका," त्या म्हणाल्या. "तू येवढो शब्द टाकलंस, आणि ह्या चेडवान त्येची माती केल्यान."

"काय झालं?"

"थंय तुझा नाव घेतल्याबरोबर सायब उठान उभो रवलो म्हणे. त्येंका आमी वळखतंव, मोठी माणसां ती, म्हणालो. चाय दिल्यानी. येवढा सगळा झाला, आणि हिका उत्तरा देवक जमली नाय. घोकलेला सगळा इसारला म्हणता. तुझो मान होतो म्हणान निदान गोड बोलान पाठवल्यानी. नायतर काय लायकी हिची!"

मुलीची सुरी पानावरून एकसारखी चालत होती. घोकलेलं विसरणारी ती मुलगी नव्हती. तिची वाक्यं मी ऐकली होती. आणि माझं नाव ऐकून जगातला कुठलाही साहेब उठून उभा राहिला नसता. गोव्याहून येताना बसमध्ये बसून तिने हे सगळं रचलं असणार, साहेब, चहा, आपलं विसरणं. तिथे माझं नाव घेतल्यावर खरं काय झालं असेल ते मला एका क्षणात दिसलं. मला पायाखालच्या जमिनीत शिरावंसं वाटलं, आणि ह्या वेळी ते लाजणं खोटं नव्हतं.

"काकी, तिला बोलू नका," मी म्हटलं. "तिची काही चूक नाही. माका थंय मान नाय. कधी नव्हतोच. पैसे भरून बसतात त्या सगळ्यांना देतात तसं कार्ड आहे ते. मला कोणी ओळखत नाही तिथे. तुम्ही आलात त्या दिवशीच मला हे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला बरं वाटत होतं म्हणून."

काकी चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग वळून मुलीकडे. त्यांना काय सुचलं ते मला कळायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"मगे तुका हसले काय गो थंय?"

सुरी थांबली.

"नाय गो आये," मुलगी म्हणाली. "बरी होती ती माणसां. बसाक खुर्ची दिल्यानी."

बोलली ती आईशी, पण बघत होती माझ्याकडे, मला फार लागू नये म्हणून. मी हात जोडून उभी होते, आणि ती पोर दुसऱ्यांदा माझी अब्रू झाकत होती.