न्हाणीघराची फरशी

घरातले किस्से न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या शेवाळासारखे असतात. कोणी मुद्दाम लावत नाही, पण वाढतात. माझ्यापाशी फरशीचेच इतके साठलेत की नातसुना म्हणतात, आजी, दुसरं काही सांगा. दुसरं काय सांगू? मुरूडच्या आमच्या घरात एकोणीसशे तीसच्या पुढच्या सालात एका फरशीपायी जेवढं महाभारत झालं, तेवढं वाडीच्या वाटण्यांत झालं नाही.

सुरुवात सासूबाईंनी केली. न्हाणीघरात काळ्या दगडाच्या लाद्या होत्या. पिढ्यान् पिढ्यांचे पाय लागून आरशासारख्या झालेल्या. एका सकाळी सासूबाई तांब्यासकट आडव्या. मी धावले, तर म्हणतात, "मला राहू दे. तांब्याला पोचा आलाय का ते बघ आधी."

तांब्या धड होता. कंबर नव्हती.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, दगडाच्या बाजूने उभे राहिले. दगडाचा काही दोष नाही, म्हणाले, आमचे तीर्थरूप जन्मभर याच दगडावर न्हाले.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "आणि गेले तेही याच दगडावरून."

त्यानंतर सासूबाईंनी न्हाणीघर वर्ज्य केलं. विहिरीपाशी माडाच्या झापांचा आडोसा करून तिथे न्हायच्या. पण खरी काळजी त्यांना स्वतःची नव्हती. काशीवन्सं, त्यांची एकुलती मुलगी, बाळंतपणाला येणार होत्या. पहिल्या खेपेला त्यांचं पोटातलं राहिलं नव्हतं. सासूबाईंनी मला जवळ बसवून सांगितलं, "काशीला मी रोज तेल लावून न्हाऊ घालणार. त्या दगडावर तिचा पाय सरकला तर मी जगायची नाही. तू बघ काय ते." मी म्हटलं, बघते. आणि मी एकदा बघते म्हटलं की बघते.

* * *

पण माझ्याआधी धाकट्या दिरांनी बघितलं. माधवभावजी मुंबईला ऑफिसात होते. त्यांनी आगबोटीने चिनी मातीच्या लाद्या धाडल्या. पांढऱ्याशुभ्र, मध्ये निळं फूल. मुंबईची फॅशन! मागोमाग भावजीही रजेवर आले. काळे दगड उखडून विहिरीच्या कडेला टेकवले आणि लाद्या बसल्या. अर्धं मुरूड बघायला आलं.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गुळाच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. त्यामुळे छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय सोडत नाही. लाद्यांसोबत आलेल्या जाहिरातीत सुंदर, चकचकीत, टिकाऊ असं सगळं होतं. पाय ठरतो असं कुठे नव्हतं. तसं मी म्हटलं, तर भावजी फणकाऱ्याने आत गेले आणि लाद्यांवर थयथय नाचून दाखवलं. "बघा वहिनी, कुठे घसरतंय?"

"भावजी," मी म्हटलं, "आम्ही बूट घालून न्हात नाही."

* * *

दिवाळी आली. नारळाच्या मुलखातली माणसं आम्ही, अभ्यंगाला तेल वाटीने नाही, तपेलीने लागतं. पहिला मान मामंजींचा. अंगभर तेल चोपडून पाटावर बसले. मी बाहेरून गरम पाण्याची घागर आत सरकवली. मामंजींनी डोळे मिटून नद्यांची नावं घेत पाणी ओतायला सुरुवात केली.

गंगा आणि यमुना भिंतीपाशी झाल्या. गोदावरीला पाट सुटला. सरस्वतीला मामंजी उंबऱ्यात होते.

पंचा सावरून ते शांतपणे म्हणाले, "उरलेल्या नद्या विहिरीवर घेतो."

* * *

मग सल्ले आले. सासूबाईंनी काथ्याची चटई घालायला लावली. चार दिवसांत ती कुबट मारू लागली आणि पाचव्या दिवशी तिच्याखालून वीतभर गोम निघाली. ती मात्र घसरली नाही.

शेजारच्या हलीमाबींच्या घरचं गलबत होतं. त्या म्हणाल्या, फळ्यांवर तेल सांडलं की आमचे खलाशी रेती टाकतात. आम्हीही टाकली. पाय कोणाचा सरकला नाही, पण न्हाऊन आलेला माणूस पुन्हा न्हायला धाडावा असा दिसे. मी हलीमाबींकडे तक्रार नेली.

हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "वैनी, खलाशी त्याच्यावरून चालतात. बसून न्हात न्हाय!"

* * *

काशीवन्संचं यायचं ठरलं आणि माझा धीर सुटत आला. त्याच सुमाराला पाट्या-जात्यांना टाकी लावणारा पाथरवट आळीत आला. आमचा पाटाही गुळगुळीत झाला होता, मिरची नुसती सरकत होती. तो छिन्नी मारत होता, मी बघत होते. बघता बघता उठले आणि त्याला विहिरीकडे नेलं. म्हटलं, या काळ्या दगडांनाही टाकी लाव.

तो दगडांकडे बघतच राहिला. एवढा मोठा पाटा त्याने पाहिला नव्हता. "वैनी, टाकी बारीक लावू की जाड? यावर वाटायचं काय हाय?"

"सासूबाई," मी म्हटलं.

ओटीवरून आवाज आला, "मला ऐकू येतंय हो."

मी त्याला नीट समजावलं. टाचेला बोचता नये, पण तेलकट पाय धरून ठेवला पाहिजे. आणि सगळ्या रेघा मोरीकडे उतरत्या. न्हाणीघराचा पाटा करणारी सून मामंजींनी ऐकलीसुद्धा नव्हती. माधवभावजी तेव्हा घरी आले होते, त्यांचा तर जीवच गेला. त्यांच्या फुलांच्या लाद्या उखडून कुठे टाकायच्या?

"देवघरात लाव," सासूबाई म्हणाल्या. "देव बसल्या जागेवरून उठत नाहीत."

* * *

टाकी लावलेले दगड परत न्हाणीघरात बसले आणि काशीवन्सं आल्या. सासूबाई आधी काठी टेकत, दाराला धरून आत आल्या, मग नुसतं दाराला धरून, मग नुसत्याच. रोज लेकीला तेल लावायच्या, मी पाणी घालायची.

दिवस भरत आले होते. त्या सकाळी काशीवन्सं न्हाऊन उठल्या आणि तिथेच त्यांनी माझा खांदा धरला. सुईणीला बोलवायला माणूस धाडला, पण ती आळीच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर नेणं शक्यच नव्हतं. खाली तेल, पाणी, शिकेकाई. तिघींच्या पायांची बोटं त्या रेघांत रुतलेली. एका बाजूने सासूबाई, एका बाजूने मी. कोणाचा तरी हात लागला आणि घंगाळ दणदणत जाऊन मोरीवर आदळलं. पाठोपाठ काशीवन्संची किंकाळी.

मामंजी ओटीवरून धावत आले ते दारापाशी थबकले. आत यायची सोय नाही.

"कोण पडलं?"

आम्हा कोणाचे हात मोकळे नव्हते.

"अगं, सांगा कोणीतरी... कोण पडलं?" या वेळी त्यांचा आवाज ओळखू येईना.

सासूबाई न्हाणीघराच्या मधोमध, ओल्या दगडावर, सरळ उभ्या होत्या. दाराकडे न बघताच त्या म्हणाल्या, "पडलं नाही कोणी. नात झालीय. बंबात लाकडं सारा."