प्लेटलेट्सच्या वरची ओळ

"हा रिपोर्ट परवाचा आहे?" सर्जननी माझ्या मोबाइलकडे बघत विचारलं. मी हो म्हटलं. "मग पेशंटला परवाच का नाही आणलंत?"

माझी बायको सुनंदा आत स्ट्रेचरवर होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, पोटरीवर जांभळे फोड. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, नेक्रोटायझिंग फॅसायटिस. म्हणजे जिवाणू कातडीखालच्या खोल थरात शिरतात आणि वरून फारसं काही दिसायच्या आतच तो थर कुजायला लागतो.

"पायाचं आज काही सांगत नाही," ते म्हणाले. "आधी बाई वाचू द्या."

सुरुवात टाचेच्या भेगेतून झाली. सोलापुरात भेगा कुणाच्या टाचेला नसतात? रविवारी पोटरीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला आणि ताप चढला. आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगमध्ये तेव्हा तिघांना डेंग्यू झाला होता. ताप म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, प्लेटलेट्स.

सोमवारी रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला आणि मी थेट प्लेटलेट्सची ओळ गाठली. दोन लाख ऐंशी हजार! रिपोर्ट लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. सात जणांचे अंगठे आले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तीच ओळ बघितली, डेंग्यू नाही म्हणाले आणि तापाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी एकटाच गेलो होतो, त्यामुळे पाय त्यांनी बघितलाच नाही. चट्ट्याचं मीही ओझरतंच सांगितलं.

सुनंदा वैराग गावची. दुखण्याचा बाऊ करणारी बाई नव्हे. मंगळवारी सकाळी ती म्हणाली, "अवो, लई ठणकतंय. आतनं कुणीतरी पिळल्यावानी हुतंय."

मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "एवढ्याशा चट्ट्याचं एवढं काय? रिपोर्ट चांगला आहे."

दुपारी ती पुन्हा तेच म्हणाली. मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. ती गप्प झाली. ती गप्प झाल्यावर मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना माझीच मला किळस येते.

बुधवारी सकाळी फोड दिसले आणि ती असंबद्ध बोलायला लागली. शेजारच्या महादेवीकाकूंनी रिक्षा बोलावली. मी नुसता किल्ल्या शोधत होतो.

सर्जननी त्याच रिपोर्टवर, प्लेटलेट्सच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. पांढऱ्या पेशी चोवीस हजार. त्यात न्यूट्रोफिल ब्याण्णव टक्के, लिम्फोसाइट चार. न्यूट्रोफिल म्हणजे जिवाणूंवर पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, तो अशा वेळी घटतो. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. त्याला एनएलआर म्हणतात आणि शरीरात दाह किती पेटलाय याचा अंदाज त्यावरून येतो. धडधाकट माणसाचा साधारण एक ते तीन असतो. सुनंदाचा तेवीस होता. सव्वीस वर्षं मी सातवीच्या पोरांना गुणोत्तर शिकवतोय आणि माझ्याच घरातला हा एक भागाकार मी केला नाही.

"नुसत्या या आकड्यावर निदान होत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो बाकीच्या आजारांतही वाढतो. पण दिसतं कमी आणि दुखतं फार, ही याची मोठी खूण. पेशंटनी तसं काही सांगितलं होतं?"

सांगितलं होतं. दोनदा.

डिब्राइडमेंट, म्हणजे कुजलेला भाग कापून काढणं, तीन वेळा झालं. प्रत्येक वेळी मी सही केली आणि बाहेरच्या बाकावर बसलो. ग्रुपवर आता अंगठ्यांऐवजी जोडलेले हात येत होते. मी ग्रुप बंद करून टाकला.

रोज सकाळी रक्त जायचं आणि रिपोर्ट आला की मी भागाकार करायचो. तेवीसचे सतरा झाले, मग अकरा. ज्या दिवशी सहा आला, त्या दिवशी मी उड्या मारायचाच बाकी होतो. वॉर्डात जाऊन सुनंदाला म्हणालो, "सहावर आलंय!"

तिने माझ्याकडे बघितलं. "कमी दुखतंय ते मी सांगितलं असतं की. मला इचारायचं हुतं."

पाय वाचला. मांडीची कातडी काढून पोटरीवर बसवली. ती लंगडते, पण चालते. सर्जनचे आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. काकूंचे तर मुळीच नाही.

तुमच्या घरी असा लाल चट्टा आणि ताप आला, तर रिपोर्ट पूर्ण वाचा आणि पाय डॉक्टरांना दाखवा. पण त्याआधी, ज्याचं दुखतंय तो काय सांगतोय ते ऐका. मला हे सांगायचा अधिकार नाही, तरी सांगतो.

गेल्या महिन्यात जिन्यात महादेवीकाकू भेटल्या. "सर, बाईंना दोन दिस झालं ताप हाय. तुमाला ठाव न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसाच धापा टाकत वर गेलो. सुनंदा भाकरी थापत होती. "ताप होता तर मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला होता.

तिने मान वर केली नाही. "रिपोर्ट आला की कळंलच की तुमाला."