पहिलं टेम्प्लेट, गव्हाणच्या ओटीवर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी पनवेलला एका ताईंकडे इंटर्नशिप केली. मुंबईतली नोकरी सोडून त्यांनी एसटी स्टँडजवळच्या दोन खोल्यांत वेबसाइट डिझाइनचा स्टुडिओ काढला होता. आम्ही तयार टेम्प्लेट बनवायचो. फोटोग्राफर, चित्रकार, आर्किटेक्ट यांनी त्यात फक्त आपलं काम टाकायचं, की झाला ऑनलाइन पोर्टफोलिओ. माझं एक तरी टेम्प्लेट ताईंच्या संचात गेलं, तरच कॉलेज इंटर्नशिप धरणार होतं. शेवटचा आठवडा उजाडला तरी माझी पाटी कोरीच होती.

मग मी परदेशी साइट्स बघून बघून एक पान केलं. भरपूर पांढरी जागा, मधोमध कृष्णधवल फोटो, त्याला बारीक काळी चौकट, खाली नाव, त्याखाली जन्मसाल आणि पुढे एक छोटी आडवी रेघ. रेघ का, तर छान दिसत होती म्हणून. मी स्वतःवर जाम खूश होते. ताईंनीही मान डोलावली.

टेम्प्लेटमध्ये खऱ्या माणसाचं काम भरायचं आणि त्याच्या घरी जाऊन दाखवायचं, असा ताईंचा नियम होता. माझ्या वाट्याला पनवेलजवळच्या गव्हाण गावचे एक दादा आले, लग्नाचे फोटो काढणारे. ताई आणि मी त्यांच्या ओटीवर बसलो आणि मी लॅपटॉप उघडला; चौकटीत दादांचा फोटो, खाली त्यांचं नाव. त्यांची आई चहा घेऊन आली होती. काकींनी पडद्याकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या.

"माजा पोर जिता हाय," त्या म्हणाल्या. "त्याचा आसा फोटो कशाला लावलास?"

तेव्हा कुठे मला दिसलं. पेपरात 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापतात ना, हुबेहूब ते. फक्त हार घालायचा बाकी होता. दादा पोट धरून हसत होते, काकींचे डोळे भरले होते आणि धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं होतं. इंटर्नशिप गेली, हे मी मनाशी धरूनच टाकलं.

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं, तर त्यात काही खोटं नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "काकी, चूक माझी आहे. मीच पास केलं होतं." मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, इथेच बदल, काकींना विचारून. त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे. पुढे मोठ्या ऑफिसांत कामं केली, पण हाताखालच्या पोरीची चूक इतक्या सहज अंगावर घेणारं माणूस पुन्हा फारसं भेटलं नाही.

कुठला फोटो लावू, असं विचारल्यावर काकींनी जराही विचार केला नाही. भाच्याच्या हळदीतला. त्यात दादा नखशिखांत पिवळे, कॅमेऱ्याला हळद लागू नये म्हणून तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, आणि तोंडभर हसू. मी तो पानभर पसरला. चौकट काढली, रेघ काढली, जन्मसाल काढलं, नावाला तोच पिवळा रंग दिला. ताई वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि हे संचात जाणार, म्हणाल्या. मला रडूच आलं.

काकी पुढे आल्या. पडद्यावरच्या लेकावरून हात ओवाळून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. मी लॅपटॉप मिटायला लागले, तर थांब म्हणाल्या आणि माझ्यावरूनही मोडली.