भावासाठी निवडलेली भाजी

शिरूरच्या आठवडे बाजारात एक गृहस्थ मला नेहमी एकाच भाजीवाल्या मावशींच्या पाटीपुढं दिसायचे. साठीचे असावेत. दुधीला हळूच नख लावून बघायचे, दोडका कानाशी हलवायचे. "मटार, पालक, फ्लॉवर न्हाई द्यायचं," असं बजावून निवडलेली भाजी मावशींकडेच ठेवून रिकाम्या हातांनी जायचे.

एकदा मी न राहवून विचारलं. ते म्हणाले, "थोरल्या भावाचं युरिक अ‍ॅसिड वाढलंय. अंगठा सुजला की पाऊल टेकवत न्हाई. वहिनी मागनं येत्यात, मावशी त्यांना हीच भाजी देत्यात. शेताच्या बांधावरनं आमचं बोलणं तुटलंय. मी निवडली म्हणून कळलं तर तो खायचा न्हाई."

त्या थंडीत त्यांचे थोरले भाऊ हृदयविकारानं गेले. नंतरच्या बाजारी ते आले आणि भाजीला हात न लावता मावशींजवळ बसले.

मावशी हळूच म्हणाल्या, "आप्पा, वहिनी सांगत व्हत्या. पिशवी उघडली की थोरले म्हणायचे, धाकट्यानं निवडलीय, नीट कर."

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "म्हंजी त्याला ठावं व्हतं. तरी खात व्हता," ते म्हणाले. "मग मी गेलो असतो, तर दार बी उघडलं असतं की त्यानं."

भावाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. ते उठले, त्या गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ थांबले आणि एसटी स्टँडकडे वळले.