एकोणीस एकांचा आकडा

आंबेगाव तालुक्यात माझ्या थोरल्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस दुसरा नसेल, आणि मला त्यांच्याइतकं दमवणाराही दुसरा नसेल. ते एसटीत कंडक्टर होते. मंचरहून आहुप्याला जाणाऱ्या गाडीवर त्यांनी एकोणीस वर्षं घंटी मारली. निवृत्त होऊन डिंभ्याच्या घरी बसल्यावर त्यांनी दर वर्षाचा एक याप्रमाणे एकोणीस एके ओळीने मांडून एक प्रचंड आकडा तयार केला, आणि एक आणि तो स्वतः सोडून जगात कशानेही तो भागला जात नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. मी विचारलं, "भाऊ, कशावरून?" तर म्हणाले, "येवढी वर्षं त्या घाटात गाडीला काय झालं न्हाई, ह्याला काय हुतंय?" यावर माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराने काय बोलावं?

नुसतं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण सकाळचा चहा झाला की ते पडवीत बसत, मांडीवर वही घेत आणि एकेका मूळ संख्येने त्या आकड्याला भागत. बाकी उरली की "चला, उतरा खाली" असं त्या भाजकाला सांगायचं आणि कुठूनसा मिळवलेला जुना तिकिटांचा पंच घेऊन वहीच्या कडेला भोक पाडायचं. चार वर्षांत ते नव्वद हजारांच्या घरात पोचले आणि वह्यांची चाळण झाली. चहाच्या टपरीवर कुणी विचारी, "काय भाऊ, तुटला का?" ते छाती काढून सांगत, "कुनाच्या बापाला तुटायचा न्हाई."

या सगळ्यात माझं काम ताळा करण्याचं. मी घोडेगावच्या शाळेत मराठी शिकवतो, पण त्यांच्या लेखी मास्तर तो मास्तर. दर शनिवारी शाळा सुटली की मिळेल त्या गाडीने डिंभे गाठायचं आणि त्यांच्या आठवड्याभराच्या भागाकारांचे गुणाकार करून बघायचे. एकदा मी कंटाळून चार ताळे न करताच बरोबरच्या खुणा केल्या. त्यांनी ते ओळखलं, आणि वही परत माझ्यासमोर ठेवली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

या चारांतल्या पहिल्या दोन वर्षांनीच त्यांची नजर कमी झाली. तेव्हा मांडीवरच्या वहीतून आकडा वाचायला नको म्हणून त्यांनी घोडेगावच्या एका पेंटरकडून तो पडवीच्या भिंतीवर हातभर उंचीचा रंगवून घेतला. मध्ये खिडकी, अलीकडे काही एके, पलीकडे काही. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, कपाळावर हात मारून म्हणाली, "भिंतीवर देव काढा म्हनलं तर ह्यांनी काठ्या काढल्या!" तेव्हापासून ते भिंतीकडे बघून भागत होते. डॉक्टर मोतीबिंदू काढा म्हणत होते, पण महिनाभर वही बंद राहील म्हणून हे तयार नव्हते.

मग एका शनिवारी त्यांनी वही माझ्या हातात दिली. त्यांना स्वतःच लिहिलेलं दिसत नव्हतं. म्हणाले, "पावणं, त्या मोबाईलला इचारा एकदाचं. आन मला खरं सांगा."

मी भिंतीवर बघून एके दाबले. मोबाईलने क्षणात उत्तर दिलं. संख्या तुटत होती. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने तिला निःशेष भाग जात होता. त्यांच्या वेगाने तिथवर पोचायला आणखी साठ-पासष्ट वर्षं लागली असती. खोटं बोललो असतो तर या जन्मी तरी पकडलो गेलो नसतो, आणि मी बोलणारच होतो. तेवढ्यात उत्तराखाली लिहिलेलं दिसलं की आकडा सतरा अंकी आहे. मी भिंतीवर मोजलं. खिडकीच्या अलीकडे आठ, पलीकडे नऊ. दोन्हीकडे नीट बसावं म्हणून पेंटरने दोन एके गाळले होते. पहिल्या वहीचं पहिलं पान काढलं, तिथले एकोणीस मोजून दाबले. ते तुटत नव्हते.

मी दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"म्हंजी त्या पेंटरनं माझी दोन वर्षं खाल्ली, आन मी दोन वर्षं त्याच्याच आकड्याला भागत व्हतो?" ते म्हणाले. मग दबक्या आवाजात विचारलं, "पर माझा?"

"तुमचा नाही तुटत, भाऊ. कशानेच नाही."

मला वाटलं, आता टपरीवर जाऊन पेढे वाटतील. त्यांनी पंच खिशात घातला आणि समोरच्या डिंभे धरणाच्या पाण्याकडे बघत बसले. "बरं झालं," म्हणाले. "आता डोळं तरी कशाला पायजेत?" चार वर्षं मी ज्या कामाला वैतागलो होतो, ते मी एका बोटाने संपवून टाकलं होतं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या शनिवारी माझे पाय निघत नव्हते. पण गेलो. पडवीत तेलरंगाचा वास होता. खिडकीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने नवे एके काढले होते, वाकडेतिकडे, ओघळलेले.

"रिटायर झाल्यावरची वर्षं बी धरली," ते म्हणाले. "वीस एकं मांडलं, अकरानं तुटलं. एकविसाला तीननं भाग गेला. बाविसाला परत अकरा. आता तेवीस झालं, चालू साल धरून. धा-बारा भागाकार केलं, त्ये काय ऐकंना! सोमवारी डोळ्याचं आपरेशन करून घेतो, मंग बघतो त्याच्याकडं. आन पावणं, मोबाईलला इचारायचं न्हाई."

"नाही विचारणार," मी म्हणालो.

परतीच्या गाडीची वाट बघताना स्टॉपवर मी मोबाईलला विचारलंच. तेवीस एकांचा आकडाही तुटत नाही. हे मी त्यांना कधीही सांगणार नाही. गाडीचा पत्ता नव्हता, म्हणून त्यांनी तपासायला दिलेली नवी वही पिशवीतून काढली, पहिल्या पानावरचे एके मोजले, तेवीसच होते, आणि ताळा करायला बसलो.