विमलच्या मागची जागा

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यात भाजी घेत होते. "कुंदामावशी, आई गेली... झोपेतच." मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला. रिक्षात बसल्यावर माझा मलाच राग आला. बरं? असं कुणी म्हणतं का? पण विमल असती तर खुदकन हसली असती. ऐन वेळी माझ्या तोंडून भलतंच निघतं, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं.

डोंबिवलीच्या त्या शाळेत आम्ही दोघी फुटबॉल खेळायला लागलो. तिचे वडील वागळे इस्टेटमध्ये कामगार. पोरगी खेळते याचं त्यांना कोण कौतुक! आमच्या कोकणी घरात मात्र मुलीने गुडघे उघडे टाकून पळायचं म्हणजे आभाळच कोसळलेलं. ती बचावात, मी गोलात. त्यामुळे खेळताना मला तिचं तोंड कधी दिसलंच नाही. दिसायची ती पाठ, तेल चोपडलेली वेणी आणि मागे आलेला डावा हात. चेंडू आमच्याकडे येऊ लागला की ती वळून न बघता डावा हात पाठीशी न्यायची, तळवा उघडा. म्हणजे, कुंदे, जागा सोडू नकोस, मी आहे. मी जात्याच उतावळी, चेंडू दिसला की धावत सुटणारी. त्या तळव्यानेच मला गोलात धरून ठेवलं. बघे मात्र विचारायचे, "ही पोरगी सारखी पाठ का खाजवते?"

पुढे विमल देशासाठी खेळली, मी राज्यापर्यंतच पोचले. मग संसार, नोकऱ्या, दुखरे गुडघे... आणि गेल्या वर्षी अचानक कळलं, निवृत्त खेळाडू आणि फुटबॉलसाठी झटलेली माणसं यांच्या तसबिरी जिथे लावतात, त्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये विमलची तसबीर लागणार. मी पेढे घेऊन बाळकुमला तिचं घर गाठलं. माझं नाव नाही हे मला लागलं, खोटं कशाला बोलू? पण तिच्यासाठी झालेला आनंद त्याहून मोठा होता. बाईसाहेब मात्र खिडकीत बसून तंद्रीत.

"कुंदे, दिवे मालवल्यावर ती सगळी माणसं तसबिरींतून उतरून खेळत असतील का गं?"

"खेळतील की. गुडघे धड असले तर."

"मग माझ्या मागे गोलात कोण असेल?... मला नकोच म्हणून कळवते त्यांना."

"येडी झालीस का? गप फोटो काढून घे!"

पुढचे कित्येक दिवस ती त्या दालनातच राहत होती. तिथे गवत असेल का, पाऊस आत येत असेल का, असलं काहीबाही विचारत बसायची. मीही चहा पिता पिता उत्तरं देत राहायचे.

खेळतानाचा जुना फोटो एकही नव्हता. आमचे फोटो काढायला येणार कोण? मग एका संध्याकाळी सोसायटीमागच्या मैदानात नव्या जर्सीत तिला उभं केलं. तिने मला मागे गोलात उभं राहायला लावलं. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर याल का? प्लीज."

"राहू दे की तिला," विमल म्हणाली.

"मॅडम, त्यांना तुमचा एकटीचाच पाहिजे."

मी निमूट बाहेर आले आणि त्याच्या पाठीमागे लांब पायरीवर जाऊन बसले. ऊन उतरलं होतं, मैदानाची धूळ तरंगत होती. चष्मा नव्हता, त्यामुळे विमल मला नुसती निळी निळी दिसत होती...

तसबीर दालनात लागायच्या आधीच ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि मी तो फोटो प्रथमच नीट पाहिला. एक प्रत दालनाकडे गेली होती, दुसरी प्रशांतने घरी भिंतीवर लावली होती. उजव्या काखेत चेंडू. डावा हात पाठीमागे. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती लाजल्यात बघा, हातसुद्धा लपवलाय." तळवा फोटोत दिसत नाही. मला तो दिसला, आणि मी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

अजून मी दर रविवारी बाळकुमला जाते. चहा मीच करते. तिचा फोटो लावलाय त्या भिंतीच्या पलीकडेच स्वयंपाकघर आहे, आणि ओट्याशी उभी राहिले की मी बरोबर तिच्या मागे येते. परवा चहा होऊन बराच वेळ झाला तरी मी तिथेच. प्रशांतने बाहेरून हाक मारली, "मावशी, इथे येऊन बस ना."

म्हटलं, "नको रे. आहे तिथे बरी आहे मी."